शक्तिपीठ महामार्गास, परभणीहून

प्रति,
श्री. शक्तिपीठ महामार्ग,
मुक्काम : नकाशा

विषय : पुढच्या डोंगराबाबत

स. न. वि. वि.

आपला जन्म अजून व्हायचाय. हे पत्र लिहीपर्यंत आमच्या जिल्ह्यात आपली ब्रासभर खडीही पडलेली नाही. पण पोटातल्या पोराची पत्रिका मांडून ठेवावी तशी आपली सगळी कुंडली तयार आहे. जन्मस्थान वर्धा जिल्ह्यातलं पवनार, अखेरचा मुक्काम गोव्याच्या हद्दीवरची पत्रादेवी. पहिल्या आखणीनुसार लांबी ८०२ किलोमीटर, जिल्हे बारा, पदर सहा, खर्च ८६ हजार कोटींच्या वर. २४ जून २०२५ रोजी राज्याच्या मंत्रिमंडळानं भूसंपादन आणि आखणीसाठी २०,७८७ कोटी रुपये मंजूरही केले. बारशाआधीच एवढा खर्च झालेलं बाळ आमच्या मराठवाड्यात तरी दुसरं नसेल.

आपण पूर्णा, परभणी आणि सोनपेठ तालुक्यांतून जाणार असं कळलं तेव्हा आम्ही हरखायलाच हवं होतं. जगात जर्मनी, भारतात परभणी, असं आम्ही स्वतःच म्हणत आलोय. आता नकाशा काढणाऱ्यांनाही ते पटलं म्हणायचं. जालना–नांदेड द्रुतगती मार्ग आमच्यातूनच जाणार आहे. त्याच्या मोबदल्याची भांडणं मिटण्याआधी आपला पुकारा झाला. गावाला धड पाणंद नसली तरी चालेल, पण डोक्यावरून दोन-दोन महामार्ग जायला हवेत, हे आमचं भाग्य.

रीतीनं आधी आपल्या नावाचं कौतुक करतो. साडेतीन शक्तिपीठांपैकी माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी आणि कोल्हापूरची अंबाबाई अशी तीन आपण घेतलीत. वणीची सप्तशृंगी, म्हणजे ते अर्धं पीठ, नाशिककडं राहिलं. एवढ्या हजार कोटींत अर्धं पीठ बसलं नाही, हे जरा मनाला लागलं. पण ज्यानं नाव ठेवलं त्याची हुशारी मानली पाहिजे. ‘नागपूर–गोवा मालवाहतूक मार्ग’ म्हटलं असतं तर मोजणीवाल्याला शिवेवरच अडवलं असतं. देवीचं नाव घेतलं की अडवणारा आपोआप पाखंडी ठरतो.

देवीची मात्र आजवर रस्त्यावाचून काही अडचण झालेली नाही. आमच्याकडं लग्नानंतर गोंधळ घालतात. गोंधळी संबळ वाजवून एकेका ठिकाणच्या देवीला अंगणात बोलावतो आणि ती येते. माहूरहून येते, तुळजापूरहून येते, तिला वाटेत टोल लागल्याचं कुणी ऐकलेलं नाही. माणसांचं म्हणाल तर नवरात्रात आणि कोजागिरीला लोक तुळजापूरला पायी जातात. त्यांना नागपूर–गोवा हा अठरा तासांचा प्रवास आठ तासांवर आणायची गरज पडलेली नाही. अठराचे आठ झाल्यानं ज्याचं खरोखर भलं होणार आहे तो परडी घेऊन जोगवा मागत नसतो, ट्रकच्या भाड्याचा हिशेब मांडत असतो. त्याचं भलं व्हायला आमची हरकत नाही. फक्त त्यानं अंबाबाईचा पदर धरून मागं लपू नये.

आपल्या जन्मस्थानाबद्दलही बोललं पाहिजे. पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम आहे. १९५१ साली तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूदान सुरू झालं आणि त्यानंतर विनोबा वर्षानुवर्षं पायी हिंडत लोकांकडं जमीन मागत राहिले. ज्यानं दिली त्याची घेतली, ज्यानं नाही म्हटलं त्याला नमस्कार करून पुढं गेले. आपण बरोबर त्यांच्या अंगणातून निघताय आणि २७ हजार एकरांच्या आसपास जमीन घेत समुद्राकडं जाणार आहात. आरंभबिंदू निवडणाऱ्या अधिकाऱ्याला एक तर इतिहास ठाऊक नसेल, नाहीतर फार चांगला ठाऊक असेल.

आमच्या काळ्या जमिनीबद्दल मी फारसं लिहीत नाही. ज्यांची जाणार आहे ते बोलायला समर्थ आहेत आणि बोलतही आहेत. २०२५ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात परभणी जिल्ह्यात मोजणीसाठी आलेल्यांना शेतकऱ्यांनी बांधावरून परत पाठवलं. १ जुलैला, कृषिदिनाच्याच दिवशी, आपल्या वाटेवरच्या जिल्ह्यांत रास्ता रोको झाला. एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो. शक्ती नावाची चीज आमच्याकडं आधीपासून आहे. आमच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं ‘इक्रिसॅट’च्या साथीनं २०१८ मध्ये ज्वारीचं एक वाण दिलं. त्यात लोह आणि जस्त जास्त आहे. नाव ‘परभणी शक्ती’. ती याच काळ्या रानात येते, सिमेंट काँक्रीटमध्ये तिची उगवण होत नाही. आणि या मातीचा एक गुण आपल्या अभियंत्यांनी लक्षात ठेवावा: ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात भेगाळते. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जे पाणी आलं त्यात साध्या बांधानंसुद्धा पाण्याची वाट बदलली. तिथं आपण आडवा भराव घालणार. वरच्या अंगाच्या शेताचं तळं झालं तर पंचनाम्याला ‘अतिवृष्टी’ असंच कारण पडेल, त्यात आपलं नाव येणार नाही.

असो. खरं पत्र इथून पुढं आहे.

परभणीच्या माणसानं आपल्याला डोंगराबद्दल लिहावं हे आपल्याला विचित्र वाटेल. आमच्याकडं डोंगर म्हणजे जिंतूरकडच्या टेकड्या, नेमगिरी, येलदरीचा काठ. जंगल म्हणून पाहुण्याला दाखवायला पालम तालुक्यात गोदावरीच्या पात्रातलं जांभूळबेट. राज्यात सगळ्यांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांची यादी काढली की आमचं नाव सापडायला वेळ लागत नाही. रोही, हरणं आणि रानडुकरं आहेत, पण ती आमच्या तुरीत आणि हरभऱ्यात राहतात, कारण दुसरीकडं राहायला जागाच नाही. शेतकरी रात्रभर डबे वाजवतो आणि वनखात्याकडं अर्ज करतो. वन नसलेल्या जिल्ह्यातल्या वनखात्याकडं. जंगल गेल्यावर काय होतं, हे आम्हाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. म्हणूनच लिहितोय.

आपली आखणी पाहताना एक गंमत कळली. आपण सरळ जात नाही, जिथं आरडाओरडा होतो तिथून सरकता. लोकसभेच्या निकालानं हादरल्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारनं कोल्हापूर जिल्ह्यापुरती आपली अधिसूचना रद्द केली. पुढच्या वर्षी आपण पुन्हा उगवलात आणि मग चर्चा सुरू झाली की कोल्हापूरच्या बागायती पट्ट्याऐवजी चंदगडकडून न्यावं. चंदगड म्हणजे काय, तर सह्याद्रीच्या माथ्यावरचा तालुका, पलीकडं तिळारीचं खोरं. ऊस उभा आहे तिथं माणूस उभा राहतो, म्हणून आपण तिथून निघालात. रान उभं आहे तिथं कोण उभा राहणार?

यातला सगळा हिशेब इतका सोपा आहे. शेतकऱ्याकडं सातबारा असतो, मतदार यादीत नाव असतं, घरात चार तरणी पोरं असतात, आणि काही नसलं तर मोजणीच्या साखळीपुढं आडवं पडायला स्वतःचं अंग असतं. गव्याकडं यातलं फक्त अंग आहे. नोटीस निघते तेव्हा हरकतीसाठी मुदत दिली जाते. शेकरूनं त्या मुदतीत प्रांत कार्यालयात लेखी हरकत नोंदवल्याचं कधी वाचलं नाही. त्यामुळं प्रत्येक जिल्ह्यात शेतकरी जिंकत गेला की आपली रेघ हळूहळू हिरव्या रंगाकडं सरकणार, आणि शेवटी कागदावर शेरा पडणार, ‘विरोध नाही’. आमच्या बांधावर आपल्याला अडवलं ते योग्यच केलं, उद्याही अडवू. पण ‘आमच्या शेतातून नको, दुसरीकडून न्या’ असं कुणी म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो. कारण ते ‘दुसरीकडं’ कुठं असतं ते मला दिसतं.

ते दुसरीकडं म्हणजे सिंधुदुर्ग. आपण कुठूनही वळलात तरी पत्रादेवीला पोचायला सह्याद्री उतरावाच लागणार. बोगद्यातून जाणार, जंगलाला धक्का लागणार नाही, असं आपले हितचिंतक सांगतात. ऐकायला छान वाटतं. बोगद्याला तोंड असतं, तोंडापर्यंत जायला रस्ता असतो, आतून निघालेला दगड टाकायला जागा लागते, आणि डोंगराच्या पोटातून झरे वाहत असतात. कोकणातल्या वाड्या त्या झऱ्यांवर जगतात. बोगद्यानं झऱ्याची शीर तोडली तर ती वाडी टँकर मागेल. टँकरचा अनुभव हवा असेल तर मराठवाड्याला विचारा, त्या विषयात आम्ही पारंगत आहोत.

आंबोलीचं नाव आपल्या नकाशावर कुठं, किती अंतरावर येतं ते आपल्यालाच ठाऊक, कारण नकाशा दर सहा महिन्यांनी बदलतो. पण तो पट्टा कोणता ते तरी पाहून घ्या. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्याकडं आठ-दहा वर्षांत मिळून पडेल तेवढा. त्या पावसात कातळावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालणारा एक टोड आहे. आंबोली आणि आसपासच्या टापूपलीकडं तो फारसा कुठं सापडत नाही. शास्त्रज्ञांनी त्याचं वर्णन केलं ते २००९ मध्ये. हिरण्यकेशीच्या उगमाच्या कुंडात, मंदिराच्या दारातच, एक इटुकला मासा सापडला. ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असं त्याचं नाव २०२० मध्ये जाहीर झालं आणि त्याच्यासाठी सरकारनं ते ठिकाण जैवविविधता वारसा स्थळ केलं. त्या माशाची अख्खी दुनिया एका देवळापुढच्या पाण्याएवढी आहे. आपली रुंदी सहा पदरांची.

देवीचा एवढा सोस आहे म्हणून एक नाव सांगून ठेवतो. सिंधुदुर्गात गावोगावी सातेरी देवी असते. तिचं रूप म्हणजे वारूळ. आजूबाजूला देवरहाटी असते, तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलत नाही. दोडामार्ग तालुक्यात बांबर्ड्याला रान-जायफळाच्या झाडांची दलदल शिल्लक राहिली ती गावानं देवाची राई म्हणून जपली म्हणून. महाराष्ट्रात अशी जागा दुर्मिळात दुर्मीळ, पुढं तिलाही वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. या देवींना ट्रस्ट नाही, व्हीआयपी दर्शन नाही, पेड पास नाही. त्यामुळं त्या शक्तिपीठांच्या यादीत बसल्या नाहीत. तीन देवींकडं जायच्या घाईत आपण वाटेतल्या किती देवींच्या अंगावरून जाणार, याची मोजणी प्रकल्प अहवालात कुठल्या रकान्यात आहे?

आता वाघाबद्दल. यात सरकारचं कौतुक करायलाच हवं, कारण एकाच वेळी दोन्ही हातांनी परस्परविरुद्ध काम करणं सोपं नसतं. चांदोली आणि कोयना मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये झाला. वाघ मात्र टिकेना. म्हणून २०२५ च्या नोव्हेंबरात थेट ताडोब्यातून एक वाघीण आणून चांदोलीत ठेवली. विदर्भातून पार सह्याद्रीत, आपल्यासारखाच प्रवास, फक्त तिनं कुणाकडं पदर मोजून मागितले नव्हते. आता वाघांची संख्या वाढायची तर त्यांना दक्षिणेकडं जाता-येता यायला हवं. चांदोली, राधानगरी, मग आंबोली–दोडामार्ग, तिळारी, गोव्याचं म्हादई, कर्नाटकातलं काळी. ही एकच अरुंद माळ आहे. तिळारी आणि आंबोली–दोडामार्ग ही संवर्धन राखीव क्षेत्रं याच कारणासाठी केली. दोडामार्गात २००२ पासून हत्तीही येतात, त्याच वाटेनं. आणि या माळेला आडवे जाणार आपण, कुंपण घालून, ताशी शंभराच्या वरच्या वेगानं. एक खातं खर्च करून वाघीण आणतं, दुसरं खातं तिच्या पिलांची वाट बंद करायला कर्ज काढतं. दोन्ही फायलींवर मंजुरीचे शिक्के.

मुंबई उच्च न्यायालयानं मार्च २०२४ मध्ये सावंतवाडी–दोडामार्ग पट्ट्यातली २५ गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करा, असं केंद्राला बजावलं. माधव गाडगीळांच्या समितीनं पश्चिम घाटाचा अहवाल दिला तो २०११ मध्ये. तो फार कडक वाटला म्हणून कस्तुरीरंगन समिती नेमली, तिचा अहवाल २०१३ मध्ये आला. तोही जड झाला म्हणून मसुदे निघत राहिले. जुलै २०२४ मध्ये सहावा मसुदा निघाला. हा डोंगर वाचवायचा मसुदा दहा वर्षांत सहा वेळा निघाला आणि मसुदाच राहिला, तर डोंगर फोडायचा निर्णय एका बैठकीत होतो. दरडीखाली गेलेल्या माळीण, तळिये, इर्शाळवाडी यांची नावं तेवढ्यापुरती वर्तमानपत्रात येतात, नंतर श्रद्धांजलीचे फलक पावसानं भिजून पडतात.

आपले वकील म्हणतील की जंगल तोडलं तर पर्यायी वनीकरण होणार आहे. कायद्यात तशी सोय आहेच: वनजमीन वळती केली की तेवढ्याच क्षेत्राच्या बिगरवनजमिनीवर किंवा दुप्पट क्षेत्राच्या उजाड वनजमिनीवर झाडं लावायची. तेवढी उजाड जमीन कुठं मिळेल? मला शंका आहे की ती आमच्याकडंच मिळेल, उजाडपणात आमचा हात कुणी धरत नाही. म्हणजे सह्याद्रीतला हिरडा, अंजनी, सुरंगी, कुंभा यांची भरपाई जिंतूरच्या माळावर दीड फुटी खड्ड्यात लावलेल्या रोपानं होणार. २०१६ ते २०१९ या चार पावसाळ्यांत राज्यात आधी दोन, मग चार, मग तेरा, मग तेहतीस कोटी झाडं लावायचे संकल्प झाले. आकड्यांची वाढ झाडांपेक्षा जोमदार होती. आंबोलीच्या धुक्यात शेवाळानं मढलेलं झाड आणि मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत उभं राहिलेलं वनखात्याचं रोप, दोन्ही कागदावर ‘एक’ धरायचे, हे गणित ज्यानं काढलं त्याला आमच्या जिल्ह्यात एक उन्हाळा पोस्टिंग द्यावी.

परभणीचा याच्याशी संबंध काय, हे अजूनही कुणी विचारेल. आंबोलीचं पाणी आमच्याकडं येत नाही, हिरण्यकेशी घटप्रभेमार्गे कृष्णेला मिळते. पण आमची गोदावरी ज्या ब्रह्मगिरीवर उगवते तोही सह्याद्रीच आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाणी सुटलं की नाही, यावर आमच्या जिल्ह्यातल्या अर्ध्या लग्नाच्या तारखा ठरतात. डोंगरमाथ्यावर चारशे किलोमीटर लांब काय झालं, याचा हिशेब आमच्या विहिरीत निघतो. तेव्हा एका जिल्ह्याचा डोंगर हा दुसऱ्या जिल्ह्याचा खासगी मामला नसतो, एवढं आम्हाला कळतं.

आणि राव, रस्ते नाहीत असं तरी आहे का? नागपूरहून वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर करत रत्नागिरीपर्यंत राष्ट्रीय महामार्ग आधीच आहे. तुळजापूर त्यावरच आहे, कोल्हापूर त्यावरच आहे आणि माहूरही फार आडवाटेला नाही. आपल्याला विरोध करणारे शेतकरी पहिल्या दिवसापासून हेच सांगताहेत: तो सुधारा, खड्डे बुजवा, देवस्थानांना जोडरस्ते द्या. यात न समजण्यासारखं काही नाही. गोव्यालाच जायची घाई असेल तर मुंबई–गोवा महामार्ग आहे. २०११ पासून त्याचं चौपदरीकरण चालू आहे, दर गणेशोत्सवाआधी मंत्री त्याची पाहणी करतात आणि पुढच्या गणेशोत्सवाची तारीख देतात. घरातलं मोठं काम अर्धवट टाकून धाकट्याच्या पालखीचे भोई झालेल्यांना आम्ही काय सांगणार.

तेव्हा माझी एकच मागणी आहे, तीही विनोबांच्या रीतीनं, मागून. आपल्या कागदपत्रांत जिथं ‘विरोध नाही’ असं लिहिलं असेल त्या प्रत्येक गटापुढं आमचं नाव घाला. तिळारी, आंबोली, चंदगडचा कडा, राधानगरी, जिथं जिथं हरकत घ्यायला कुणी मिळालं नाही तिथं परभणी जिल्ह्याची हरकत नोंदवून घ्यावी. गट क्रमांक आमच्याकडं नाहीत, ते आपल्याकडं आहेत. मुदत संपली असेल तर ती आपण स्वतःसाठी जशी वाढवून घेता तशी वाढवून घ्यावी.

कळावे.

आपला,
परभणीचा एक रहिवासी

ता. क. देवीदर्शनाची खरोखर ओढ असेल तर इकडं येऊन जावं. माहूरला आणि तुळजापूरला जायला एसटी आहे. पंचाहत्तर वर्षांवरच्यांना ती फुकट आहे आणि बायकांना अर्धं तिकीट. आपण अजून जन्मलाच नाहीत, त्यामुळं वयाचा दाखला मिळणार नाही, आणि पत्त्यावर ‘श्री.’ लिहिलंय म्हणून पूर्ण तिकीट पडेल. सुटे पैसे आणावेत, वाहक चिडतात.